मामाच्या भिंतीवरची माशी मी पाण्यात घातली

ताई,

आधी गुन्हा कबूल करतो, नमस्कार-चमत्कार मग. मामाच्या पुढच्या खोलीतल्या चौकटीतली, शिंपीकाकांनी बांधलेली माशी मी काढली, तळ्यावर नेली, पाण्यात टाकली आणि घालवून बसलो. झालं. लिहून मोकळा झालो. आता तुला नमस्कार (वाकून केलाय असं समज, खरं तर मी पोटावर पडून लिहितोय), तुझी सर्दी गेली का, भाऊजींची कंबर काय म्हणते, आणि सासूबाईंना दंडवत. फोनच करणार होतो, पण मामीला मागच्या खोलीत बसून पुढच्या खोलीतली कुजबुज ऐकू येते हे तुला माहीतच आहे. तुझी पत्रं सासूबाई आधी वाचतात असं ऐकलंय, म्हणून त्यांच्यासाठी खुलासा. माशी म्हणजे जेवणावर बसते ती नाही. एवढुसा गळ घ्यायचा, त्याच्यावर दोरा, पिसं, केस असं काय काय गुंडाळायचं आणि तो किड्यासारखा दिसेल असा करायचा, म्हणजे मासा फसतो. चांगली शिकली-सवरलेली माणसं संध्याकाळी डोळ्याला भिंग लावून हे बांधत बसतात. आणि त्या सगळ्यांत मामा (म्हणजे तुझे बाबा, पण तसं लिहिलं की मला दुसराच कुणीतरी वाटतो, म्हणून मामाच) असा एकटा, की जो स्वतः बांधत नाही, मासे पकडत नाही, तळ्याजवळ गेला तर चष्मा पडेल म्हणून काढून खिशात ठेवतो आणि मग त्याला तळंच दिसत नाही. तो फक्त लोकांनी बांधलेल्या माश्या मागून आणतो आणि भिंतीवर लावतो.

ती चौकट मीच बनवली आहे. मी फ्रेमच्या दुकानात लागलो हे मामीने कळवलं असेलच (दोनदा नापास झालेल्या मुलाच्या हातात काच कापायला देतो, यावरून आमच्या मालकाची छाती बघ). आत काळं मखमल, त्याच्यावर रांगेत माश्या, खाली मामाच्या अक्षरात चिठ्ठ्या: ‘शिंपी, तपकिरी’, ‘डॉक्टरीणबाई, हिरवी’, ‘ड्रायव्हर, लाल शेपटी’. सकाळी दात घासायच्या आधी मामा काच पुसतो. रविवारी मंडळी जमतात, म्हणजे शिंपीकाका, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि बसचे ड्रायव्हरकाका. चौकटीपुढे उभे राहून ‘वा, काय सुरेख’ म्हणतात सगळ्यांच्या माश्यांना, पण डोळे जातात फक्त स्वतःच्या माशीकडे. मी बाजूला उभा राहून नीट बघितलंय. यांच्यात नियम एकच. मामाला दिलेली माशी पाण्यात जायची नाही. प्रत्येकाने आपली आयुष्यातली सगळ्यात देखणी माशी दिलेली असते, आणि ती एकदा भिजली की केस चिकटून तिचा उंदीर होतो. मामाकडे माशी दिली म्हणजे लेक चांगल्या घरी दिली, असं ते मानतात. आता तूच सांग, एक जरी माशी ओली झाली असं कळलं, तर कोण देईल मामाला पुढची? आणि रविवारी येईल कोण? रिटायर झाल्यापासून मामाचा आठवडा म्हणजे रविवार, आणि बाकीचे दिवस रविवारची तयारी.

मग मी असं का केलं? त्या रविवारी ड्रायव्हरकाका बोलून गेले, ‘शिंपीकाका, तुमची माशी लग्नाला निघाल्यासारखी दिसते हो. मासा तिला बघून आहेर करेल, चावायचा नाही.’ सगळे हसले. शिंपीकाकाही हसले, पण हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं. मला वाईट वाटलं (हसू नकोस, मलाही वाटतं कधी कधी), आणि खरं सांगू, वाईट वाटण्यापेक्षा खाज जास्त सुटली. चावेल का? नाही का चावणार? एवढी नटलेली माशी आणि जन्मात एकदाही पाणी बघू नये? दुसऱ्या दिवशी मामा अंघोळीला गेला तसे मी चौकटीचे मागचे खिळे सरकवले (माझेच ठोकलेले, मला ओळखतात), माशी टोपीत खोचली, मित्राची गळाची काठी घेतली आणि पाण्याच्या टाकीमागच्या तळ्यावर.

ताई, काय सांगू तुला! माशी पाण्यावर बसली ती अशी, की मीच फसलो, मला वाटलं कुठला तरी किडा आला. आणि मग पाणी फुटलं. काठी माझ्या हातातून पळायला लागली, मी काठीमागे, चप्पल चिखलात, मी ओरडतोय, काठावर धुणं वाळत घालणाऱ्या बाई ओरडतायत (माशासाठी नाही, मी त्यांची दोरी पाडली म्हणून), आणि मासा एकदा वर आला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. देवाशपथ बघितलं. जबड्याच्या कोपऱ्यात शिंपीकाकांची माशी, जशी काही त्याने मुद्दाम लावून घेतली आहे. मग दोरा तट्‌कन तुटला. मासा गेला, माशी गेली, चप्पल एक गेली. मी चिखलात बसून वेड्यासारखा हसत होतो. असा आनंद मला पास झाल्यावरसुद्धा झाला नसता (झालोच नाही, त्यामुळे नक्की सांगता येत नाही).

घरी येताना मात्र चौकटीतली रिकामी जागा आठवली. मामीच्या पावडरच्या ब्रशाचे केस उपटले, स्वेटरचा तपकिरी धागा ओढला, एक गळ घेतला आणि जमेल तशी दुसरी माशी बांधून मखमलीवर लावली. लांबून बरी दिसत होती. फारच लांबून. रविवारी मंडळी आली. मी चहा ओतायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात. थोड्या वेळाने शिंपीकाका आत आले, चष्मा कपाळावर, आणि हळूच म्हणाले, ‘बाळा, ती माझी नाही.’ मी म्हटलं, नाही. ‘मग माझी कुठंय?’ मी म्हटलं, काका, माशाच्या तोंडात. ताई, मला वाटलं आता हा माणूस मला कात्रीने उसवणार. ते डब्यावर बसले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, ‘केवढा होता?’ मी हात पसरून दाखवला (वीतभर जास्त दाखवला, पण ते त्यांच्या वयाकडे बघून). ‘ओढली कशी? हळू, का झटक्याने?’ झटक्याने म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. सगळी गोष्ट परत सांगायला लावली, धुण्याच्या दोरीसकट. मामाला काही कळता कामा नये असं आमचं ठरलं. मग ते बाहेर गेले आणि बशीतली सगळी बिस्किटं संपवली.

आता या माणसाच्या पोटात बिस्किटं राहतात, गोष्ट राहत नाही. दोनच दिवसांत डॉक्टरीणबाई दुकानात हजर. म्हणे दाढेचा एक्स-रे फ्रेम करायचाय. मालक उठून आत गेल्याबरोबर पर्समधून डबी काढली. आत त्यांची हिरवी माशी, म्हणजे तिची जुळी. ‘ही भिंतीवर लाव आणि तिथली एकदा पाण्यात टाकून बघ ना रे.’ मी म्हटलं, बाई, मग हीच टाकतो की. तर म्हणाल्या, ‘ही पास झाली म्हणून भिंतीवरची बहीण पास होते का?’ मग तुम्हीच टाका, म्हटलं. ‘आपल्या मुलीचा पेपर आपण तपासायचा नसतो.’ (हे मला पटलं. मला माझे पेपर तपासू दिले असते तर आज मी इंजिनियर असतो.) टाकली. चावला! लहानसा होता, पण चावला. बाईंनी खूश होऊन माझी एक दाढ फुकट काढून दिली. ती दुखत नव्हती. मग ड्रायव्हरकाका आले आपली जुळी घेऊन, बस दुकानासमोर उभी करून, आत माणसं बसलेली. त्यांची लाल शेपटी मात्र मी झाडावर अडकवली. तोंड बघवेना त्यांचं, म्हणून म्हटलं, पाखराने उचलली काका, खरा किडा समजून. तेव्हापासून ते स्टॉपवर स्टॉपवर सांगतायत की मासा फसवणं सोपं आहे, पाखरू फसवून दाखवा.

असं करत करत, ताई, चौकटीतली एकही मूळ माशी जागेवर राहिली नाही. आणि मामा रोज सकाळी प्रेमाने काच पुसतोय. परवा मी चहा पीत होतो. मामा पाठमोराच म्हणाला, ‘शिंप्याची माशी आधी खाली बघायची. आता समोर बघते.’ चहा माझ्या नाकात. ‘डॉक्टरीणबाईंच्या माशीला एक पाय जास्त होता. ड्रायव्हरची कधी इतकी सरळ बसली नाही.’ म्हटलं संपलं, आता गाठोडं बांधा. मामी आतून बाहेर आली, हातात तो टकला ब्रश. पण मामाने काच पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. कपाटाशी गेला आणि सदऱ्यांच्या घडीखालून काड्यापेटी काढून माझ्यासमोर ठेवली. आत माशी होती. मामाने बांधलेली! हो, आपल्या मामाने! मला वाटतं माशीच होती. बाटली धुवायचा ब्रश भिजून वाळला तर दिसेल तशी, आणि एका बाजूला कललेली. म्हणाला, त्या सगळ्यांच्या शेजारी लावायची लाज वाटते रे. आणि मग म्हणाला, ‘बाळा, हिलापण तळ्यावर नेशील?’ मला तो एरवी गाढवा म्हणतो. मामी ब्रश पदराखाली लपवून गुपचूप आत गेली.

तर सध्या रोज सकाळी मी मामाची माशी घेऊन तळ्यावर. मासे येतात, बघतात, आणि पाहुण्यांकडचं बेचव खाणं नाकारावं तसे सभ्यपणे निघून जातात. एकदा बदक आलं, तेही गेलं. घरी येतो तर मामा जिन्यात पायपुसणं झटकत उभा. विचारत काही नाही, नुसता झटकतो. पायपुसणं निम्मं झालंय. मी म्हणतो आज वारा होता, आज ऊन होतं, आज पाणी गढूळ होतं. आता माझ्याकडचं हवामान संपत आलंय. आणि चौकटीच्या कोपऱ्यात त्याने थोडी जागा करून तिथे नुसती टाचणी खोचून ठेवली आहे. एकदा तरी मासा चावला तरच लावीन म्हणतो. रविवारी मंडळी विचारतात, ही टाचणी कसली? तर म्हणतो, असू दे. पण तू काळजी करू नकोस. मी आहे ना.

सगळ्यांना नमस्कार, लहानांना टपली.

तुझा, घरातून अजून न हाकललेला,
भाऊ

ता. क. मी आहे ना असं वर लिहिलंय, त्याचा अर्थ तू आहेस ना. भाऊजी ज्या मासे वाढवायच्या टाक्यांवर कामाला आहेत, तिथले मासे खाणं टाकायच्या वेळी बटण टाकलं तरी गिळतात, असं तूच एकदा म्हणाली होतीस. तर सकाळी त्या माशांना उपाशी असताना गाठ, ही मामाची माशी दोऱ्याला बांधून सोड, आणि माशाच्या तोंडात असतानाचा फोटो काढ. मागे टाकीची भिंत दिसता कामा नये, थोडं गवत धर. मग मासा सोडून दे आणि माशी परत पाठव, तोवर मी नुसती काठी घेऊन तळ्यावर जातो. चावल्याच्या खुणा असतील तर पुसू नकोस, त्याच हव्या आहेत.

ता. क. दुसरा. हे वरच लिहायला हवं होतं. माशी याच पाकिटात आहे, खाली कोपऱ्यात, आणि काड्यापेटी मावेना म्हणून सुटीच आहे. हात जपून घाल. एव्हाना घातला असशील आणि बोटाला लागलीच असेल, तर ओरड, रड, मला शिव्या घाल, पण कशाने लागलं ते सांगू नकोस. मामाचा फोन आला तर मुळीच नको, माशी माझ्याबरोबर तळ्यावर आहे असंच त्याला वाटतंय. तुझ्या पाया पडतो ताई, कुणाला म्हणजे कुणालाच नको.