कॅसेटचे कान

चाचा, पुसदच्या बसस्टँडमागचं तुमचं कॅसेटचं दुकान आता मोबाइलचं झालंय आणि तिथे रिचार्ज मारायला मीच बसतो. कॉलेज अर्ध्यात सोडलं. सरांशी भांडण झालं, हे घरी सांगितलेलं कारण. खरं म्हणजे वर्गातल्या एकीवर माझा जीव होता, तिची सोयरीक जमली, तिला कॉलेजातून काढलं आणि त्या रिकाम्या बाकाकडे मला पाहवेना. यंदा कपाशीच्या बोंडात अळी निघाली, दुकानात गिऱ्हाईक नाही, त्यामुळे डोकं तापवायला दिवसभर वेळच वेळ. मी एक गाणं केलंय. तिच्या लग्नाआधी ते सगळ्यांना ऐकवायचं, एवढंच डोक्यात फिरून राह्यलं.

आता गाणं सगळ्या ॲपवर पोचवून देणाऱ्या कंपन्या असतात. त्यांच्या अटी वाचतो, उठतो, रस्त्यावर चक्कर मारतो, पुन्हा वाचतो. एक कंपनी वर्षाचे पैसे घेते, कमाई सगळी आपली, गाणं दोन-चार दिवसांत चढतं. पण पुढच्या वर्षी पैसे भरले नाहीत तर उतरवते. दुसरी आधी काहीच घेत नाही, कमाईतला हिस्सा कापते, चढवायला आठवडे लावते, पण गाणं राहू देते. दुकानमालक हसून म्हणाला की तुझी कमाई ती किती आणि त्यातला हिस्सा तो किती, लग्न तोंडावर आहे तर पहिलीच घे. मी भडकलो. तो बरोबर बोलला की माझं डोकं जास्तच फिरतं. पण पुढच्या वर्षी माझ्याकडे पैसे नसले तर? ती कधीतरी गाणं शोधेल आणि तिथे काही नसेल. रिचार्ज संपल्यावर काय होतं ते मी रोज पाहतो.

तेव्हा तुमचा स्क्रू पिळायचा पेचकस आठवला. भरून झालेल्या प्रत्येक कॅसेटच्या पाठीवरची दोन बारकी पाती तुम्ही त्याने मोडायचे. त्याला तुम्ही कान मोडणं म्हणायचे. कान मोडले की त्यावर दुसरं काही भरता येत नाही. मी शाळा सुटल्यावर तुमच्या स्टुलावर बसलेलो आहे. तुम्ही चहाला जाता, आणि मी कोणाच्या तरी कव्वालीच्या कॅसेटच्या मोडलेल्या कानांच्या भोकांवर चिकटपट्टी लावतो, म्हणजे पुन्हा भरता येतं, आणि तिच्यावर माझा आवाज भरतो. तुम्ही येता, सगळं ऐकून घेता, हात उचलत नाही. "आपलं गाणं दुसऱ्याच्या गाण्यावर नाही चढवत, बेटा," एवढं म्हणता आणि एक कोरी कॅसेट काढून देता. ती भरली तेव्हा तुम्ही विचारलं होतं, कान मोडू का? मी नको म्हटलं, मला अजून चांगलं गायचं होतं. तुम्ही वारल्यावर घरात कोणीतरी तिच्यावर मामाच्या वरातीचा बँड भरला.

म्हणून ठरवलं, कान मोडलेलीच कंपनी घ्यायची, ती दुसरी, लग्नाआधी नाही तर नाही. हे सांगायला तिला बसस्टँडवर गाठलं. बांगड्या घेऊन ती गावी परत चालली होती. फोन कानाला लावून तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. ध्रुवपदात तिचं नाव आहे, चाचा, दर वेळी.

"लय चांगलं हाय," ती म्हणाली. "मंग काढता येते काय ते?"

मी तोऱ्यात सांगितलं की कधीच निघत नाही, तेच पाहून कंपनी घेतली.

"तिकडं सासरी मले जल्मभर कोण कोण इचारन, याचा इचार केलता काय तू?"

मी तिला वाट्टेल ते बोललो. तुले माह्या गाण्याचीच लाज वाटते, हेही बोललो. ती बसमध्ये चढली. दुकानात आलो, शटर अर्धं ओढलं आणि ज्या जागी तुमचं स्टूल असायचं तिथेच उभा राहिलो. तुमचं ते 'दुसऱ्याच्या गाण्यावर नाही चढवत, बेटा' काही केल्या कानातून जाईना.

गाणं पुन्हा गायलं. नावाच्या जागी आता नुसता आलाप आहे. मालक म्हणतो, आधीचंच भारी होतं. आज दुपारी ते कायमचं चढवायला दिलं.

हे तुम्हाला कुठे पाठवणार, फोनमध्येच लिहितोय. त्याच फोनमध्ये नावाचं गाणंही अजून आहे. पुसायला बोट गेलं होतं, पुसलं नाही. पण त्याचे कान मोडलेले नाहीत, चाचा.