परस्पर दिलेली माफी

मु. गोरेगाव
पौष शुद्ध ८, शके १८६१

चि. संतराम यास गोजरअक्काचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे आमी जित्ते आहोत, तिकडे तू असशीलच. वर आशीर्वाद लिहिला तो बापानं आपल्या दोघांना एकाच पाटीवर पत्राची रीत शिकवली म्हणून. मनातून लिहिला न्हाई.

काल बाजारात कापडवाला गुलाबचंद सांगत होता की तातेराव सजा भोगून सुटला आणि घरी न येता हिंगोलीला तुमच्या छावणीतल्या प्रार्थनाघरात राहून राहिला. तुमच्या पाळकसाहेबांनी त्याला पाणी घालून किरिस्ताव केलं आणि त्या वक्ताला तू त्याच्या शेजारी उभा होतास, जामीन राहिल्यासारखा. गुलाबचंद हसून म्हणाला की बाई, तुमच्या भावानं तुमच्या मालकाच्या मारेकऱ्याला भाऊ करून घेतलं. चार बायांत मला मान खाली घालावी लागली.

तुला इसर पडला असेल तर सांगते. बांधावरून भांडण होतं. माझ्या उत्तमचे वडील खळ्यावर एकटे रास लावत होते, तिथं त्यांच्या या चुलत भावानं, तातेरावनं, मागून येऊन कुऱ्हाड घातली. मी भाकरी घेऊन गेले तर ज्वारीची रास लाल झालेली. एवढ्यावर भागलं न्हाई. अदालतीत उभं राहून त्यानं सांगितलं, की माझ्या बायकोसंगं, पारूसंगं, यांना पाहिलं म्हणून हात उचलला. त्या एका बोलण्यानं त्याचा फास टळला. पारूला भावकीनं त्याच हप्त्यात घराबाहेर काढलं आणि तिची अंगावर पिती लेक ठेवून घेतली. कळमनुरीला भावाकडं जाण्याआधी ती माझ्या दारात शपथ घ्यायला आली होती. मी दार उघडलं न्हाई.

तेव्हापासून दर साली पितरांचं ताट वाढते आणि वाढता वाढता हात थांबतो. खरं होतं का खोटं, हे मला कोणी सांगितलं न्हाई. आणि तुझ्या देवानं त्या माणसाला माफ पण करून टाकलं!

उत्तर लिही. गोड गोड लिहू नकोस.

तुझी बहीण
गोजरबाई

*

हिंगोली, छावणी
२५ जानेवारी १९४०

गं. भा. गोजरअक्का हिच्या पायांशी संतरामचा प्रभूत सलाम.

वि. वि. तुझे पत्र पोचले. तुझ्या भावजयीचा खोकला आता उतरला आहे. तू दिवाळीत पाठवलेली हळद दुधातून देतो, तिचाच गुण म्हणायचा. चि. उत्तम शेतात रमला असेल. त्याला मामाची आठवण येते की नाही, का तूच येऊ देत नाहीस?

अक्का, तुझा राग मला समजतो. पण तातेराव आता तो माणूस राहिलेला नाही. तुरुंगात एक धर्मोपदेशक येत असत, त्यांच्या तोंडून त्याने ऐकले की जो मनापासून पस्तावतो त्याला प्रभू टाकत नाही. तो इथे आला तेव्हा रात्रंदिवस रडत होता. अंगणातला केर काढतो, आजाऱ्यांचे मळमूत्र उपसतो, कोणाला तकलीफ देत नाही. देवाच्या नजरेत त्याचे पाप आणि माझे पाप यात फरक नाही, दोन्ही कृपेनेच धुतली जातात. तुझ्यापुढे हात जोडायला यायची त्याची फार इच्छा आहे. तू हो म्हटलेस तर मी घेऊन येईन.

दाजींविषयी तू मनाला लावून घेऊ नकोस. तो न्याय देवाच्या हाती आहे, त्यावर आपण बोलू नये.

लहान भावावरची माया आटू देऊ नये एवढेच मागणे.

तुझा
संतराम

*

मु. गोरेगाव
पौष वद्य ११

चि. संतराम यास आशीर्वाद.

हळदीचं कौतुक पोचलं. त्या हळदीच्या वावराच्या मालकाला ज्यानं मारलं त्यालाही दुधातून दे, घसा सुटेल रडायला.

तातेरावच्या बाबतीत न्याय देवाच्या हाती न्हाई, तिथं तुला पक्कं ठाऊक आहे की तो धुतला गेला. आणि दाजींचं नाव निघालं की बोलू नये? काहून बोलू नये? दोन सालांखाली तू इथं बाजारात चिंचेला रंगीत चित्र टांगून बोलत होतास की. आगीचं तळं, त्यात माणसं हात वर करून राहिलेली. तू काठीनं दाखवत होतास, की ज्यांनी प्रभूला ओळखलं न्हाई त्यांचं हे ठिकाण. लोक पाहून हसले. मी हसले न्हाई. त्या चित्रात मी त्यांचं तोंड शोधत होते.

मग आता सरळ सांग. कुऱ्हाड मारणाऱ्याला रडायला आठ-नऊ सालं मिळाली. कुऱ्हाड खाणाऱ्याला मागं वळून पाहायला मिळालं न्हाई. मारणारा तुझ्या सर्गात आणि मरणारा तुझ्या तळ्यात, असाच हिशेब आहे ना? अदालतीतला मुन्सफ तरी दोन्हीकडचं इचारतो. तुझ्या देवानं मला इचारलं न्हाई, पारूला इचारलं न्हाई. परस्पर माफ करून मोकळा झाला. माफी त्याच्या घरची होती का?

आणि दुसरं. तातेराव कशाकशासाठी रडला, ते तू लिहिलं न्हाईस. मारलं म्हणून रडला, का खोटं बोलला म्हणूनही रडला? अदालतीत त्यानं जे सांगितलं ते खरं का खोटं? व्हय का न्हाई, एवढंच लिही. लहानपणी तू खोटं बोलायचास तेव्हा पत्र लांबलचक लिहायचास, म्हणून सांगते.

गोजरबाई

*

हिंगोली, छावणी
१२ फेब्रुवारी १९४०

गं. भा. गोजरअक्का हिला संतरामचा सलाम.

खोटे.

दाजी आणि पारूबाई यांच्यात काहीही नव्हते. तातेरावने फासातून वाचण्यासाठी ते रचले. बाप्तिस्म्याच्या आधी, पावसाळ्यात, माझे पाय धरून त्याने मला हे सांगितले आणि कोणाला न सांगण्याचे वचन घेतले. पाळकसाहेबांना विचारले तर ते म्हणाले की प्रभूने जे गाडले ते माणसाने उकरू नये. मला ते पटले. पटवून घेतले असे म्हण. खुनी माणूस वळला म्हणून आमच्या मंडळीत फार आनंद झाला होता. लोक लांबून त्याला पाहायला येत, आणि त्याला वळवणारा म्हणून मलाही पाहत. अक्का, मला ते आवडले.

तू विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या शिकवणुकीप्रमाणे तुला ठाऊकच आहे. ते मी बाजारात अनोळखी माणसांना सांगू शकतो. दाजींनी मला पोहायला शिकवले. त्यांच्याबद्दल ते वाक्य मी आजवर उच्चारलेले नाही, आणि खोडूनही टाकलेले नाही. एवढेच खरे सांगता येते.

क्षमा कर असे लिहायला हात धजत नाही.

संतराम

*

मु. गोरेगाव
माघ शुद्ध ११

संतराम,

पावसाळ्यात त्यानं सांगितलं. त्याच्यामागून पितरपाठ आला. मी ताट वाढलं, माझा हात थांबला, आणि तू हिंगोलीत बसून सारं जाणून होतास. दिवाळीला माझी हळद घेतलीस, तेव्हाही जाणून होतास. तातेरावनं कुऱ्हाड एकदा मारली. तू रोज मारून राहिलास आणि वरून गाणी म्हणून राहिलास.

पारूचा इचार केलास? कळमनुरीला ती भावजयीच्या हाताखाली लोकांचं दळण दळते. तिची लेक सुमन सासूनं वाढवली, हे सांगून की तुझी माय बदचाल होती. त्या पोरीला माय कशी दिसते ते ठाऊक न्हाई. आणि तुमची मंडळी आनंद करून राहिली!

मला हात जोडायला तातेरावनं येऊ नये. माझ्यापाशी त्याच्यासाठी माफी न्हाई आणि होणार न्हाई. पण त्यानं गोरेगावात भरल्या बाजारी, भावकीसमोर, पारूसमोर उभं राहून म्हणावं, की मी खोटं बोललो. तेवढं करायचं नसेल तर त्याचा पस्तावा तुमच्या प्रार्थनाघरातच ठेवा, आणि तू मला अक्का म्हणू नकोस.

उत्तमला मी सारं सांगितलं. तो दोन दिवस जेवला न्हाई. घरची कुऱ्हाड मी पडवीतून उचलून शेजारी ठेवायला दिली आहे.

गोजरबाई

*

हिंगोली, छावणी
४ मार्च १९४०

गं. भा. गोजरअक्का हिला संतरामचा सलाम.

तुझे पत्र मी तातेरावला वाचून दाखवले. तो म्हणाला की देवाने माफ केले ते पुरे झाले, आता माणसांपुढे कशासाठी. गावात गेलो तर उत्तम मारील, आणि माझी आई भावकीत तोंड दाखवू शकणार नाही. मी म्हणालो की पारूबाई इतकी वर्षे कोणाला तोंड दाखवते आहे? तो उठून झाडू घेऊन अंगणात गेला.

मग मी कळमनुरीला गेलो. पारूबाई जात्यावर होती. मी सांगितलेले ऐकून ती रडली नाही. तिने विचारले की तो हे कोणाकोणासमोर बोलेल. मी म्हणालो की अजून तयारच नाही. ती म्हणाली की मग तुम्ही कशाला आलात, आणि पुन्हा दळू लागली.

परत येऊन मी पाळकसाहेबांना सांगितले की तातेराव प्रभूच्या भोजनाला बसणार असेल तर मी बसणार नाही. ते रागावले. म्हणाले की कृपेवर अट घालणारे आपण कोण. मी म्हणालो, ज्याला एकट्या देवापुढेच लाज वाटते त्याला लाज वाटतच नाही. माझे प्रचाराचे काम बहुधा जाईल.

शेवटी जे केले तेही लिहितो. तातेरावला मी पुढ्यात बसवले आणि बाजारात जे चित्र दाखवतो ते उलगडून ठेवले. सांगितले की हे खोटे अंगावर घेऊन मेलास तर तुझे ठिकाण हेच, कोणाचे पाणी तुला वाचवणार नाही. त्याने चित्र पालथे घातले. येतो म्हणाला. प्रेमाने जे झाले नाही ते भीतीने झाले, याचे मला समाधान नाही. येत्या बाजाराच्या आदल्या दिवशी पारूबाईला गाडीने पाठवतो. तातेरावला घेऊन मी सकाळी पोचेन.

अजूनही मला आशा आहे की एक दिवस तूही या वाटेने येशील आणि आपण सगळे वरती एकत्र भेटू.

संतराम

*

मु. गोरेगाव
फाल्गुन शुद्ध ९

चि. संतराम यास आशीर्वाद.

त्या दिवशी तू गर्दीच्या कडेला उभा होतास आणि नंतर न जेवता निघून गेलास. मी थांब म्हटलं न्हाई. पण तिथून तुला सारं दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

तातेराव मारुतीच्या पारावर चढला तेव्हा मी उत्तमचं मनगट धरलं होतं. इतका बाजार, पण तराजूचा आवाज बंद झाला. तातेराव पहिल्यांदा देवाचं बोलायला लागला. पाप, रक्त, कृपा. तेव्हा पारू पुढं झाली. पदर डोक्यावरून खाली येऊ दिला न्हाई, पण मान वर होती. ती म्हणाली की देवाचं घरी बोला, इथं माझं बोला. मग तो म्हणाला, की मी अदालतीत खोटं बोललो, माझ्या बायकोनं काही केलं नव्हतं. पारू म्हणाली की मागच्यांना ऐकू गेलं न्हाई. तो पुन्हा बोलला. ती म्हणाली की धान्याच्या ओळीपर्यंत गेलं न्हाई. तो ओरडून बोलला, आवाज फाटला, पारावरच बसला. कोणी जवळ गेलं न्हाई. त्याची आई तिथंच होती. ती चपला हातात घेऊन घरी निघून गेली.

मग तो माझ्याकडं आला आणि वाकला. मी पाय मागं घेतले. त्याला म्हणाले की तुझी माफी तू वरून घेऊन आलास, माझ्यापाशी दुसरी न्हाई, आता माझ्या पोराच्या नजरेसमोरून जा. तो गेला. भावकीत कोणी त्याला पाणी दिलं न्हाई. मीही दिलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी पारू सासूच्या दारात लेक मागायला गेली. सोबत भावकीतल्या चार बाया गेल्या, ज्यांनी तिला हाकललं होतं त्याच. सुमन आजीच्या मागं दडली, यायला तयार न्हाई. पारूनं ओढलं न्हाई. रोज सकाळी तिथं जाऊन बसते. तोवर माझ्याकडं उतरली आहे, कारण दुसरीकडं जागा न्हाई. माझ्या हातचं जेवते, अंगण सारवते, पण माझ्याशी बोलत न्हाई. ज्या दारातून मी तिला परत लावलं त्या दारातून ती मुकाट्यानं ये-जा करते. मी बोल म्हणत न्हाई.

तुझ्या नरकाचा एवढा एक उपेग झाला, तो मी मान्य करते. खोटं बोलणारा माणूस खरं बोलला. पण तो मला भिऊन बोलला न्हाई, पारूची दया येऊन बोलला न्हाई, स्वतःची कातडी जळू नये म्हणून बोलला. अदालतीतही तो त्याच्याचसाठी बोलला होता. तुमच्यात याला पस्तावा म्हणतात का, ते तू पाळकसाहेबांना इचार. काम राहिलं असेल तर.

आणि वरती भेटण्याचं लिहिलंस त्याचं उत्तर. त्या वरती तातेराव असणार. तुमी त्याची जागा धरून दिली, मी त्याला तिथून ओढायला येणार न्हाई. पण त्याच्या पंगतीला मी बसणार न्हाई. उत्तमचे वडील कोणाचं नाव घ्यायलाही सवड न मिळता गेले. तुझ्या देवानं त्यांना जिथं ठेवलं असेल तिथंच मला जायचं आहे, आणि त्या जागेला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात ते मला सांगू नकोस. आग असली तर असू दे. इथं माळावर सारे नको म्हणत असताना आमी दोघांनी खडक फोडून विहिरीला पाणी काढलं. तिथंही काढू.

पत्र लिहीत जा. एवढ्यात येऊ नकोस.

तुझी
गोजरअक्का