बकरी कड्यावर उभी आहे

प्रिय गोकुळ,

तुझा फोन लागत नाही. मोलगीला टॉवर नाही, की आमचा नंबर तू काळ्या यादीत टाकला आहेस, हे कळायला मला मार्ग नाही. दोन्ही गोष्टी तुला शोभतात. म्हणून हे पत्र जीपवाल्या बाज्याकडे देते आहे. माझं अक्षर बघून फाडू नकोस. या वेळी टोमणे कमी आहेत.

तुझ्या शहजादभाईंना लकवा झाला. दुकानाचं शटर वर करताना उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, सगळं एकदमच गेलं. सुरतेच्या डॉक्टरांनी जीव वाचवला आणि घरी पाठवताना सांगितलं, पेशंटला आनंदात ठेवा. आनंद कोणत्या मेडिकलवर मिळतो हे विचारायचं राहून गेलं. आता आठवडा होत आला, त्यांनी तोंड मिटून घेतलंय. चमचा ओठाला लागला की मान भिंतीकडे. सोमवारी नाकातून नळी घालणार आहेत. इथले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, मॅडम, ज्याने जायचं ठरवलं त्याला नळी किती दिवस धरणार? मी कशावरही हसते, तुला माहीत आहे. यावर हसता आलं नाही.

तुम्हा दोघांच्या उद्योगाला मी काय कमी नावं ठेवली? टीव्हीला जोडायचं जे गेमचं मशीन बनवणारी कंपनीच उरली नाही, त्याच्यासाठी नवा गेम लिहायचा, चिपमध्ये भरायचा, ती चिप जुन्या कॅसेटच्या पोटात डाग देऊन बसवायची. मढ्याला ईदचे कपडे शिवण्याचा प्रकार. टीव्ही दुरुस्त करता करता यांचीच एखादी तार सुटली, असं अख्ख्या शहाद्याने ठरवून टाकलं होतं. आणि मग ब्राझीलचा कुणी अनोळखी माणूस लिहायचा की तुमच्या गेममधली बकरी फार सुंदर उडी मारते, की तुम्ही दोघं दुकानात बसून मुलगा झाल्यासारखे पेढे खायचे. ती बकरी तू तुझ्या आईच्या बकरीवरून काढली होतीस, मोजक्या ठिपक्यांत, एक कान फाटका. तोरणमाळचा घाट उतरून शहाद्याच्या बाजाराला निघालेली. कडे ओलांडायचे, जीप चुकवायच्या. बाजारात पोचल्यावर तिचं काय होतं हे तुम्ही दाखवलं नाही, एवढी अक्कल दोघांना होती.

घरी आणल्यावर मी टीव्ही त्यांच्या पलंगासमोर ओढला आणि गेमचा रिमोट मांडीवर ठेवला. डाव्या अंगठ्याखाली चालायचं बटण, अधिकच्या चिन्हासारखं, ते ठीक चालतं. पण उडीचं बटण उजवीकडे, आणि उजवा अंगठा आता नुसता शोभेला. डावा अंगठा तिकडे नेईपर्यंत बकरी दरीत. मग मी त्यांच्या उजवीकडे बसले. नवरा चालवणार, बायको उडी मारणार. पण ते कड्याकडे बघत आणि मी त्यांच्याकडे, त्यामुळे माझी उडी कायम उशिरा. एकदा त्यांनी चिडून माझ्या हातावर चापट मारली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी म्हटलं, अहो, आयुष्यभर मला कधी उडी मारू दिली नाहीत, आता एकदम सवय कुठून येणार? अर्धा चेहरा हसला. उरलेल्या अर्ध्याचं मी धरून चालले. आणि मग एका दुपारी, बकरी पुन्हा खाली गेल्यावर, त्यांनी रिमोट बाजूला सारला. त्या संध्याकाळपासून तोंड बंद.

त्यानंतर अंगठ्याचं सुरू झालं. पडल्या पडल्या डावा अंगठा वर करायचा, हवेत दाबल्यासारखा, पुन्हा पुन्हा. म्हसावदहून मदिना आपा आल्या, भावाचा हात बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. भाभी, भाई ऊपर जाने की इजाज़त माँग रहा है, अब रोको मत. झालं, मरणाऱ्याच्या उशाशी पढतात ते यासीन सुरू. शेजारच्या सरलाबाई दारातून म्हणाल्या, वहिनी, यास्ना जीव कोठे अटकेल शे, तेच समजत नही. आणि मी, जी हवामानखात्यावरसुद्धा विश्वास ठेवत नाही, मीही मानलं. त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, थकला असाल तर जा, माझी हरकत नाही. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं घरी टीव्ही उघडून उरलेले स्क्रू पिशवीत घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायचे. मग माझा हात ओढला, तळवा उघडला आणि अंगठा तळव्याच्या मध्ये न टेकवता जरा वर दाबला. तिथेच. अधिकच्या बटणाची वरची दांडी, गोकुळ.

तुमचं भांडण मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. तू म्हणत होतास, उडी वरच्या दांडीवर ठेवू, आश्रमशाळेतल्या पोरांच्या रिमोटची उजवी बटणं केव्हाच गेलीत. आणि हे म्हणाले, वर दाबून उडी मारते ती बकरी नाही, लिफ्ट. तू कॉम्प्युटर उचलून मोलगीला गेलास. दोन घोडे झालेली माणसं, एका बकरीपायी बोलेनाशी झाली.

मी रिमोट पुन्हा हातात दिला. त्यांनी वर दाबलं. बकरी उडाली नाही, कशी उडणार? कड्यावर फाटका कान हलवत उभी. ते दाबतात, ती उभी राहते. ते माझ्याकडे बघतात आणि पुन्हा दाबतात.

तूच एकदा म्हणाला होतास, भाभी, एवढा बदल चहा उकळेपर्यंत होतो. माझ्याच्याने तो जन्मात होणार नाही, गेमचा सगळा मजकूर तुझ्याकडे आहे. सोमवारच्या आत ये. त्यांच्याकडून माफीची वाट बघू नकोस, मागायला तोंड राहिलेलं नाही. अंगठ्यानं मागता येईल तेवढी मागून झाली. आणि आता खरं कारण सांगते. आज सकाळी तुला न विचारता मी त्यांना सांगितलं, गोकुळ निघालाय, बकरी दुरुस्त करून आणतोय. त्यांनी तोंड उघडलं. दोन चमचे पेज घेतली. तिसरा चमचा नेला तर मान वळवली, पण भिंतीकडे नाही, दाराकडे. तेव्हापासून तिकडेच बघताहेत.

तुझीच,
शगुफ्ता भाभी