वरदाचे पिवळे बूट

शुक्रवार, १ सप्टेंबर २००६, कार्डिफ
वरदा पुण्याला जाऊन आज तीन महिने झाले. चेंज म्हणून गेली आहे. आमचा मित्र राजीव, त्याचा फोन. परत येणार आहे का, विचारत होता. काही लोकांना दुसऱ्याच्या संसारात फार इंटरेस्ट. येणार म्हणून ठणकावून सांगितलं. पुरावा आहे. तिचे पिवळे वेलिंग्टन बूट घरात नाहीत, म्हणजे बरोबर नेले. पुण्यात गुडघ्यापर्यंतचे बूट कशाला लागतात? अर्थात, परत आल्यावर एअरपोर्टवरून थेट तिच्या शनिवारच्या खोदकामाला जायला.

मंगळवार, ५ सप्टेंबर
खोदकामवाल्या डॉ. प्राइसबाईंची ईमेल. रोमन काळातलं देऊळ. वरदा तिथे दोन वर्षं दर शनिवारी माती उकरायला जायची. एकदा तरी चल म्हणायची. मला ऑफिस. बाई लिहितात, २३ तारखेला सीझनचा शेवटचा दिवस, सगळ्यांनी फॅमिलीसकट यावं. वरदालाही कॉपी आहे. म्हणजे येणारच. उत्तर पाठवलं : दोघं, दोघंही व्हेजिटेरियन.
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून रोमन इतिहास.

बुधवार, ६ सप्टेंबर
७.४०ला उठलो. उद्यापासून.

रविवार, १७ सप्टेंबर
अखेर लायब्ररीतून पुस्तक आणलं. एकच प्रकरण वाचलं, पण नेमकं. देवळाचा नकाशा : मधे छोटी चौकोनी खोली, भोवती चौकोनी वाट. वाट कशासाठी, नक्की सांगता येत नाही म्हणे. एकटाच मोठ्याने हसलो. अरे, प्रदक्षिणा! शेंबडं पोर सांगेल. शनिवारी सगळ्यांसमोर सांगणार. वरदा बघतच राहील.
तिला एसएमएस केला, शनिवारी सरप्राइज आहे. उत्तर नाही. रेंज नसेल.

शनिवार, २३ सप्टेंबर, सकाळी ६.१०
थर्मासमध्ये चहा, दोन कप. माझ्यासाठी बूट घ्यायचे राहिले. ऑफिसचे शूज चालतील.

शनिवार, संध्याकाळी
चालले नाहीत. टेकडीवर घोटाभर चिखल.
पोचलो तर समोरच पिवळे बूट. खड्ड्यात पाठमोरी उभी, टाचेवर वरदानेच पांढऱ्या रंगाने काढलेला 'व'. चिखलातून धावत गेलो. अगं वरदा, कळवायचं तरी, असं ओरडलो. ती वळली. ग्वेन नावाची स्टुडंट. ती सॉरी म्हणाली. मीही सॉरी म्हणालो.
प्राइसबाईंनी बाजूला नेलं. वरदाने बूट एप्रिलमध्येच दिले होते, ज्याला बसतील त्याला द्या म्हणून. आता मी येणार नाही, असंही सांगितलं होतं. एप्रिलमध्ये. तेव्हा आम्ही दोघं रोज एका टेबलावर वरणभात खात होतो. मला कसं कळलं नाही?
काहीतरी बोलायचं म्हणून प्रदक्षिणेचं सांगितलं. बाई हसल्या. ते वरदाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रिपोर्टमध्ये तिचं नाव आहे. दर शनिवारी ती कामाआधी बूट काढून एक प्रदक्षिणा घालायची. कुणासाठी विचारलं, तर म्हणायची, नवऱ्यासाठी, त्याला ऑफिस असतं. शेवटच्या शनिवारी मात्र नुसतीच बाजूला उभी राहिली.
दुपारी खड्डा बुजवायला घेतला. एवढं खणून पुन्हा माती? बाई म्हणाल्या, उघडं ठेवलं तर पहिल्याच थंडीत भिंती फुटतात. हे त्यांच्यात नेहमीचंच.
मी एक फेरी घालू का, विचारलं. घाला म्हणाल्या. शूज-मोजे काढले. माती फार गार होती. दोन बाजू झाल्या. पुढची वाट बुजली होती.
मग शूज घालून फावडं घेतलं.

रविवार, २४ सप्टेंबर
राजीवला फोन केला. म्हटलं, वरदा येणार नाही.  तो म्हणाला, मेपासूनच माहीत आहे. तिने जायच्या आधी आमच्या हिला, मंजिरीला सांगितलं होतं. तूच दर वेळी येणार म्हणायचास, म्हणून आम्ही काही बोललो नाही.
थर्मास आत्ता उघडला. दोन कप चहा तसाच आहे.