पान सहा, टीप सतरा

३ मार्च, सोमवार
मतदारांना पत्र, अंक अकरावा, आज छापून आला. विषय : आपल्या भागातलं आरोग्य आणि राष्ट्रीय धोरण. आठ पानं, तेवीस तळटिपा. आधाराशिवाय एकही विधान नाही. 'बहुतेक' हा शब्द चार ठिकाणी घातला, कारण बहुतेक गोष्टी बहुतेकच असतात. खासदार झाल्यापासून दीड वर्षात मी एकही खोटं वाक्य छापलेलं नाही. असं म्हणू शकणारा सभागृहात मी एकटाच असेन. (हे तपासता येणार नाही. खोडावं का? राहू दे. रोजनिशीला तळटीप लागत नाही.)
राहिलेलं काम : धोरणाच्या प्रस्तावाचं परिशिष्ट तीन बघणे. टीप सतरामध्ये त्याचा उल्लेख केलाय, पण परिशिष्टाचा खंड वेगळा आहे आणि तो ऑफिसात कपाटावर आहे. उद्या नक्की.

५ मार्च, बुधवार
नऊ हजार प्रती घरोघरी पोचल्या. सहायकांना प्रतिसाद विचारला. दोन फोन. एक राँग नंबर. दुसऱ्याने यादीतून नाव काढायला सांगितलं.
जेवताना आईला विचारलं, पत्र वाचलंस का? म्हणाली, वाचलं की. कागद छान जाड आहे, चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये बरोब्बर बसला. एखादं वाक्य आठवतंय का विचारलं. म्हणाली, 'प्रिय मतदारहो' आठवतंय.
मग आपणहून सांगू लागली : रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात, गुरुवारी येतील, डॉक्टर दोन दिवस रजेवर आहेत, काळजी नको. शब्दन् शब्द पाठ. हे कुठे वाचलंस? तर आरोग्य केंद्राच्या दारातल्या फळ्यावर. तिथली सिस्टर रोज सकाळी खडूने लिहिते.
'काळजी नको' असं बिनदिक्कत कसं लिहिता येतं? कोणत्या आधारावर?

६ मार्च
सभेला जाताना आरोग्य केंद्रावरून गेलो. तो रस्ता जवळचा आहे. (तीन मिनिटं लांबचा आहे. पण सावली आहे.)
फळा साधाच. एक कोपरा फुटलेला. तीन ओळी. समोर माणसं उभी राहून वाचत होती. गाडीत बसून वीस मिनिटं मोजली : सव्वीस वाचक. प्रत्येकी सरासरी अकरा सेकंद. एक बाई वाचून हसली. माझं पत्र वाचून अजून कोणी हसलेलं नाही.
हा हेवा आहे का? प्रामाणिकपणे विचार केला. नाही. हा संवादमाध्यमांचा तौलनिक अभ्यास आहे.
परिशिष्ट तीन राहिलं. सभा लांबली.

८ मार्च, शनिवार
बायकोला अभ्यासाचे निष्कर्ष सांगितले. ती इस्त्री करत होती. म्हणाली, तुझ्या पोटात दुखतंय. मी म्हटलं, एका नर्सच्या फळ्याने खासदाराच्या पोटात कशाला दुखेल? ती म्हणाली, तेच मी पण विचार करतेय. आणि शर्टाची कॉलर अशी दाबली की वाफ माझ्या चष्म्यावर आली.
संकल्प : (१) पुढचा अंक सात पानांचा. (२) टिपा वीसच्या आत. (३) केंद्रावरून गाडी नेणे बंद.

१० मार्च, सोमवार
संकल्प तीन आज मोडला. डायव्हर्जन होतं. (एका गल्लीपुरतं.)
आजचा फळा : 'नवीन वजनकाटा आला. तो खरं सांगतो. येऊन बघा.' आत रांग! वजनकाट्याला रांग! वजनकाट्यांच्या खरेदीवर माझ्या पत्रात पाऊण पान आहे, तक्त्यासह. चौथं पान. त्यासाठी कोणी रांग लावली नाही.
दुपारी ऑफिसबाहेर आपणही फळा लावला. सहायक म्हणाले, साहेब, तीन ओळीच लिहा. मी म्हटलं, अर्थातच. शीर्षक लिहिलं : 'राष्ट्रीय आरोग्य धोरण : एक दृष्टिक्षेप'. मग प्रस्तावना. प्रस्तावनेतच फळा भरला, म्हणून खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'उर्वरित मजकूर आत मिळेल.'
पाच वाजेपर्यंत एक गृहस्थ थांबले. मी लगबगीने बाहेर गेलो. त्यांनी विचारलं, डॉक्टर इथेच बसतात का?

१२ मार्च, बुधवार
सिस्टर स्वतः ऑफिसात आली! पन्नाशीची, ठेंगणी, चपला वाजवत चालणारी. वाटलं, फळ्याबद्दल सल्ला विचारेल. उदारपणे द्यायचं मनात ठरवूनही टाकलं.
तिने विचारलं, लहान केंद्रं बंद होणार असं कानावर आलंय, आपलं होणार का? हो की नाही, एवढंच सांगा साहेब.
हो की नाही! मी तिला समजावलं की प्रस्ताव विलीनीकरणाचा आहे, बंद करण्याचा नाही, की मतदान तत्त्वतः झालंय (मी बाजूने केलं, भाषणही बरं झालं), आणि प्रक्रिया चालू असताना एका शब्दात उत्तर देणं म्हणजे दिशाभूल. ती म्हणाली, म्हणजे तुम्हाला माहीत नाही. मी म्हटलं, सगळं पत्रात आहे. पान सहा, टीप सतरा. तिने पेनाने तळहातावर '६, १७' लिहून घेतलं. परिशिष्टाचा खंड मागितला. कपाटावरून सहायकांनी काढून दिला. धूळ झटकून घेऊन गेली.
बरंच झालं. तो बघायचं माझं काम राहिलंच होतं, आता खंडच जागेवर नाही.
जाता जाता आमचा फळा वाचायला थांबली. चाळीस सेकंद! माझ्या सरासरीच्या कितीतरी पुढे. मग म्हणाली, खडू ओला करून लिहा, उठून दिसतं.

१४ मार्च, शुक्रवार
ऐतिहासिक दिवस. सकाळी नऊपासून लोक पत्र मागायला येतायत! सहायक म्हणाले, दीडशे तरी झाले असतील. शिल्लक प्रती अकरापर्यंत संपल्या. छापखान्याला आणखी दोन हजारांची ऑर्डर दिली.
खिडकीतून बघत होतो. लोक पत्र घेतात आणि थेट सहावं पान उघडतात. प्रस्तावना नाही, तक्ता नाही, सहावं पान! याचा अर्थ उघड आहे : मी टिपांमध्ये खुलतो. पुढचा अंक निम्मा टिपांचा करावा का?
सहायक दोनदा काहीतरी सांगायला आले. मी म्हटलं, नंतर. एवढे महिने लिहितोय, आज वाचक दारात आलाय.
एक मन म्हणालं, अचानक कसे? त्याला म्हटलं, चांगलं लिखाण हळूहळूच मुरतं.
फळ्यावरून गेलो नाही. गरज वाटली नाही. त्या बाईबद्दल आज मनात निखळ सद्भावना आहे.

१५ मार्च, शनिवार
आईने ड्रॉवरमधले चमचे काढले, पत्र काढलं, कात्री घेतली आणि सहाव्या पानाचा तळ कापला. गहिवरून विचारलं, जपून ठेवणार? म्हणाली, फॉर्मला जोडायचाय. कसला फॉर्म? म्हणाली, अरे, तुला माहीत नाही? तूच तर लिहिलंयस ना?
टीप सतरा आज नीट वाचली. मीच लिहिलेली. 'परिशिष्ट तीनमधील अनुक्रमांक ४१ ते ४९ या केंद्रांचे विलीनीकरण प्रस्तावित असून हरकती दि. २० मार्चपर्यंत स्वीकारल्या जातील.'
गाडी न काढता चालत केंद्रावर गेलो. फळ्यावर : 'आपलं केंद्र बंद करायचं ठरतंय. यादीत नंबर ४४. हरकत २० तारखेपर्यंत, फॉर्म आत आहेत. पुरावा : खासदारांचं पत्र, पान सहा, टीप सतरा.'
चव्वेचाळीस.
मी खोटं काहीही लिहिलं नव्हतं. हे इथे नोंदवून ठेवतो.

१६ मार्च, रविवार
दिवसभर आठवत बसलो. खंड कपाटावर, मी खाली, मध्ये फक्त एक स्टूल. दहा दिवस. त्यातली वीस मिनिटं मी गाडीत बसून माणसं मोजली. वीस मिनिटांत परिशिष्ट दोनदा वाचून झालं असतं.
बायको आली. चहा ठेवून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.
हजाराच्या वर हरकती आल्या तर केंद्र यादीतून वगळावं लागतं. हेही मीच लिहिलंय. टीप अठरा.
मोठं रुग्णालय बसने पाऊण तास. आईला बसमध्ये मळमळतं.
संकल्प : हरकतीचा सविस्तर मसुदा मी स्वतः लिहीन.

१८ मार्च, मंगळवार
मसुदा चौदा पानी झाला. घेऊन केंद्रावर गेलो. सिस्टर टेबल टाकून बसली होती, समोर रांग. तिने मसुदा हातात तोलून बघितला आणि उडणाऱ्या फॉर्मांवर वजन म्हणून ठेवला. मग एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, तुम्ही पण इथलेच ना? भरा.
मी म्हटलं, मी प्रस्तावाच्या बाजूने मत दिलंय. ती म्हणाली, मग आता विरुद्ध द्या, पेन आहे का?
'हरकतीचं कारण' याला एकच ओळ. पुरवणी मागितली. नाही म्हणाली. उभ्या उभ्या विचार करत राहिलो. समतोल राहायला हवा होता, दुसरी बाजूही यायला हवी होती. मागून कोणीतरी ओरडलं, अहो, लग्नाची पत्रिका लिहिताय का? रांग दरवाज्याबाहेर गेली. शेवटी लिहिलं : 'माझी आई इथे चालत येते.'
सिस्टरने वाचलं. शिक्का मारला. माझ्याकडे न बघता म्हणाली, फळ्यावर चाललं असतं हे.
घरी येईपर्यंत हे वाक्य मनात घोळत होतं. प्रशंसा होती. नक्की. बहुतेक.

२१ मार्च, शुक्रवार
एकूण हरकती एक हजार तीनशे बारा. सहायकांनी सांगितलं की त्यातल्या बाराशेहून जास्त फॉर्मांना माझी टीप जोडलेली आहे. एवढा उद्धृत झालेला खासदार दुसरा नसेल. हे तपासायला हवं.
ऑफिसबाहेरचा फळा काढला. प्रस्तावना कोणी पुसलीही नव्हती.

३१ मार्च, सोमवार
निर्णय सकाळी आला : क्रमांक ४४ वगळला. मी ताबडतोब अंक बारावा लिहायला घेतला. घटनाक्रम, श्रेयविभागणी (न्याय्य, सिस्टरलाही एक परिच्छेद), संदर्भ. दुसऱ्या पानावर असताना वाटलं, लोकांना आधी प्रत्यक्ष सांगावं. केंद्रावर गेलो.
तिने लिहून टाकलं होतं. नेहमीसारखी गर्दी. कोणी ओळखलं नाही, टोपी होती. शेजारचे आजोबा म्हणाले, चष्मा विसरलोय, जरा मोठ्याने वाचून दाखवा, तुमचा आवाज चांगला दिसतोय. सभागृहात वाचतो तसं वाचलं :
'केंद्र चालू राहणार. उद्यापासून नेहमीची वेळ. खासदारांचं पत्र आता वाचायची गरज नाही.'
आजोबा म्हणाले, वा. पुन्हा वाचा.
पुन्हा वाचलं.