कॉम्प्युटरवरचा क्रोशाचा रुमाल

दुन्या,

तीनला व्हिएन्नावाल्यांची नोकरीची मुलाखत आहे, तू अडीचलाच कॉम्प्युटर सुरू कर. आता तो मधेच बंद पडणार नाही. पडू नये. तरी मोबाईल चार्ज करून शेजारी ठेव. त्यांनी दुसऱ्यांदा वेळ दिली, तिसऱ्यांदा देणार नाहीत.

कॉम्प्युटरच्या डब्यावरचा आईने विणलेला क्रोशाचा रुमाल मी काढून कपाटात ठेवलाय. ती गेल्यावर तिचा चाळिसावा दिवस झाला तेव्हा मीच तो तिथे घातला होता. वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते म्हणे, ती कोंडत होती. तू उगाच मेमरी बदललीस, वायर बदललीस, वीजवाल्यांना शिव्या घातल्यास. खालच्या मजल्यावरच्या झ्वोन्कोने नुसता हात लावला आणि म्हणाला, "काका, भर उन्हाळ्यात बिचाऱ्याला लोकरीची टोपी घातलीत की!"

खिडकी आणि दार दोन्ही सताड उघडी ठेव. वारं लागेल म्हणून ओरडायला मी घरात नाही. मी निशावा नदीवर गळ टाकून बसतोय, पाचच्या आत येणार नाही. फोन करू नकोस. जे होईल ते आल्यावर सांग. सारमा ओव्हनमध्ये आहे, पण आधी मुलाखत, मग जेवण.

आणि एक. झ्वोन्को आज नाही, मंगळवारीच येऊन गेला. बुधवारी तुझी मुलाखत अर्ध्यावर बंद पडली, तू रडत होतीस, तेव्हा रुमाल तिथेच होता. मला माहीत होतं.

बाबा