रक्त आमचं, नाव सरांचं

मी, विजयश्री नानासाहेब नेवाळे, वय एकसष्ट, पेशाने जनुकशास्त्रज्ञ, राहणार सांगवी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवते. मला यकृताचा कर्करोग आहे. डोकं ठणठणीत आहे. तसा मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझा भाऊ जयदीप याने सावकाश वाचावा.

१. वाटणीआधी कारण सांगते. माझा धाकटा भाऊ धनेश चिखलीतल्या एका वर्कशॉपमध्ये पायावर पत्रा पडून गेला. जखम मोठी नव्हती, पण रक्त थांबलं नाही. हा हिमोफिलिया आमच्या आईच्या, विमलबाईंच्या माहेराकडून आलेला. बायका तो वाहतात, मुलगे त्याने मरतात. पुढे मी डॉ. यशवंतराव इनामदार यांच्या हाताखाली पीएच.डी.ला लागले आणि आईच्या माहेरी घरोघर जाऊन रक्त गोळा केलं. "विमलची पोर हाय, घे बाई," म्हणत बायकांनी हात पुढे केले. जनुकातला नेमका बिघाड मी शोधला.

निबंध छापून आला तो सरांच्या एकट्याच्या नावाने.

"सर, माझं नाव?"

"आहे की, वंशावळीच्या आकृतीत. तिसऱ्या ओळीतलं ठिपक्याचं वर्तुळ म्हणजे तुम्हीच. ज्यांच्यावर अभ्यास झाला, ते लेखक कसे होतील?"

ठिपका म्हणजे वाहक. मी वाहक आहे हे तोवर आईलाही सांगितलं नव्हतं.

गावाचं नाव मात्र त्यांनी अख्खं छापलं. वर्तमानपत्रांनी ते उचललं. मी ते इथे लिहीत नाही. त्यांनी लिहिलं तेवढं पुरे झालं. त्या गावच्या पोरींना आलेली स्थळं परत जाऊ लागली. त्याच गावातली माझी मावसबहीण इंदुताई, तिची सुपारी फुटली होती, तेही लग्न मोडलं. इंदुताईच्या रक्तात दोष नव्हताच. सरांच्या आकृतीत तिचं वर्तुळ कोरं होतं. पण आकृती वाचून कुणी सोयरीक करत नाही.

त्या निबंधाचा आजवर एकोणीसशेहून अधिक संशोधकांनी संदर्भ दिला. माझ्या बाकीच्या सगळ्या कामाला मिळून संदर्भ चौतीस, त्यातले निम्मे माझे मीच दिलेले.

मी संस्थेकडे तक्रार केली. चौकशीला घरचा माणूस म्हणून जयदीपला बोलावलं. सरांच्या ओळखीने त्याला नुकतंच चाकणच्या एका कंपनीचं सुट्या भागांचं काम मिळालं होतं. माझ्यासमोर तो म्हणाला, "साहेब, धनेश गेल्यापासून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मनावर घेऊ नका." कुणी घेतलं नाही.

२. सांगवीचा फ्लॅट भांड्याकुंड्यांसह इंदुताईला. तिला इथून कुणी उठ म्हणू नये.

३. चिखलीच्या वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्रावर मी सही केलेली नाही, जयदीपने कितीदा पेढे आणले तरी. माझा हिस्सा हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला, रक्त थांबवणाऱ्या इंजेक्शनची खोली बांधायला. मोजणी झाली की हद्द तिथल्या जयदीपच्या कारखान्याच्या शेडच्या मधून जाईल. शेड पाडावी लागली तर पाडावी.

४. रावेतचं माझं रक्त-तपासणी केंद्र माझी विद्यार्थिनी डॉ. स्वप्नाली हिला. अट एकच: निकाल आधी तपासायला आलेल्या बाईला एकटीला सांगायचा. सासू दाराबाहेर बसेल.

५. माझं रक्त. छापण्याच्या संमतीवर माझ्या जागी वडिलांची सही होती, जयदीपने घेतलेली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. इतर बायकांच्या जागी नवऱ्यांचे अंगठे. हे मी त्या नियतकालिकाकडे पुराव्यानिशी मांडलं आणि यंदा त्यांनी निबंध मागे घेतला. आता तो जगात कुठेही उघडला, तरी पानापानावर लाल अक्षरांत तसं लिहून येतं. त्याच बायकांना नव्याने विचारून, गाव झाकून, मी आणि स्वप्नालीने तो शोध पुन्हा छापला आहे. सरांच्या प्रयोगशाळेत उरलेलं माझं रक्त जाळून टाकावं.

सरांचा फोन आला होता. "विजयश्री, मी ब्याऐंशीचा. जाता जाता हे कशाला?"

"सर, मीही निघालेच आहे. तुमच्या आधी जाईन, एवढंच."

६. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर इनामदारांना 'माझी गुणी विद्यार्थिनी' असं म्हणू देऊ नये. जयदीपने खांदा देऊ नये. सोसायटीत माणसं पुष्कळ आहेत.

७. काल मी हे वाचून दाखवत होते तेव्हा इंदुताई मटार सोलत होती. मी विचारलं, "माफीचं एखादं कलम घालू का गं?"

"तुला करायची तर कर," ती मान वर न करता म्हणाली. "माज्या नावानं नगं."

तेव्हा माफी कुणालाही दिलेली नाही.

हे मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांना या मिळकतीतून काही मिळणार नाही.

सही: विजयश्री नानासाहेब नेवाळे
साक्षीदार: १. सोपानराव काटे, सांगवी  २. दीक्षा ढोरे, सांगवी
स्थळ: सांगवी  दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५